गावची लँडलाईन सोडायची का? आधी खांबावर कोण चढतो ते बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आई-बाबा दापोली तालुक्यात, डोंगरउतारावरच्या वाडीत राहतात. घरात १९९७ पासून लँडलाईन आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्यावर खरखर सुरू झाली आणि गणपतीपासून ती मेलेलीच आहे. मोबाईलला रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात. गावचा केबलवाला 'फायबर टाकून देतो' म्हणतोय, पुण्यातला मित्र एअरफायबर, म्हणजे तारेविना येणारं नेट, घे म्हणतोय, आणि ०२३५८ चा जुना नंबर सगळ्या नातेवाइकांना पाठ असल्यामुळे तो सोडवत नाही. शिवाय महिन्यातले दहा दिवस तुम्हाला तिथे बसून ऑफिसचं काम करायचं आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९९१ साली मी एका केबल जॉइंटिंगच्या ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलो. तांब्याच्या जोड्या जोडण्यात पंचवीसेक वर्षं गेली, मग केबल टीव्ही केला, आता शेजारच्या तालुक्यात फायबर ओढतो. म्हणजे माझं पोट फायबरवर आहे. मी फायबरची बाजू घेतोय असं वाटलं तर थोडं कापून घ्या.

तुमचा प्रश्न दिसायला एक असला तरी आत तीन कामं आहेत. आई-बाबांना कुणाचाही फोन यावा आणि त्यांना करता यावा, हे पहिलं. तुम्हाला कामासाठी नेट मिळावं, हे दुसरं. तिसरं तुम्ही लिहिलेलं नाही, कारण ते काम जुना फोन न सांगता करत होता: लाईट गेली तरी तो चालायचा. ही तिन्ही कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायला गेलात की पस्तावाल.

फोन का मेला ते आधी बघू. त्याचं कारण तुमच्या घरात सापडणार नाही, ते शेजाऱ्यांच्या घरांत आहे. एक्स्चेंजमधून निघालेली केबल म्हणजे तांब्याच्या जोड्यांचा जुडगा. प्रत्येक फोनला एक जोडी. ती पिलरला, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडणीच्या पेटीत येते, तिथून डीपीला, म्हणजे खांबावरच्या त्या छोट्या डब्यात, आणि डीपीतून ड्रॉप वायरने घरात. पन्नास जोड्यांच्या केबलवर जेव्हा चाळीस फोन होते, तेव्हा केबल कुठे तुटली तर चाळीस घरं ओरडायची आणि त्याच दिवशी खड्डा खणला जायचा. आज त्याच केबलवर दोन फोन उरलेत. खड्डा तेवढाच खणायचा, जॉइंट तेवढाच करायचा, आणि त्यासाठी दोन घरांचं भाडं. हे गणित कुठल्याच कंपनीला परवडत नाही, मग ती सरकारी असो की खासगी.

ही ओहोटी कधी लागली तेही सांगतो. १ मे २००३ पासून मोबाईलवर येणारा कॉल फुकट झाला. त्याआधी मोबाईलवर फोन उचलायलाही पैसे पडायचे, म्हणून लोक 'घरच्या नंबरवर कर' म्हणायचे. ते कारणच गेलं. देशातले तारेचे फोन २००६ च्या सुमारास पाच कोटींपर्यंत पोचले होते, २०२० पर्यंत ते दोन कोटींवर आले. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले. कुठल्या पिलरमधून कुठली जोडी कुणाच्या घरात जाते हे कागदावर कमी आणि या माणसांच्या डोक्यात जास्त होतं. ते डोकंच घरी गेलं म्हटल्यावर पुढे काय होणार? अलीकडे तारेच्या फोनांचा आकडा पुन्हा वर चढलाय, पण ती वाढ फायबरवरच्या फोनांची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तर लँडलाईनच्या संख्येत जिओने बीएसएनएलला मागे टाकलं.

तुम्ही विचारलंय, 'खरखर म्हणजे नेमकं काय होतं?' डीपीचं झाकण उघडून बघितलंत तर कळेल. पावसाळ्यानंतर उघडलेल्या दहा डब्यांपैकी तीन-चारांत मुंग्यांनी घर केलेलं असतं, स्क्रूवर हिरवट थर चढलेला असतो, आणि जोडीची एक तार नुसती टेकलेली असते. वारा आला की तार हलते आणि तुमच्या कानात खरखर येते. जॉइंटमध्ये पाणी शिरलं तर दोन जोड्या एकमेकींशी बोलायला लागतात, म्हणून पूर्वी तुम्हाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. हे दुरुस्त होतं. मात्र रस्ता रुंद करताना जेसीबीने केबलचं तोंडच नेलं असेल तर दोन्ही टोकं शोधून मधला तुकडा नव्याने टाकावा लागतो, आणि दोन फोनांसाठी ते आता कुणी करेल असं मला वाटत नाही. तुमच्याकडे यातलं काय झालंय हे इथे बसून मला सांगता येणार नाही. वाडीत आणखी कुणाचा जुना फोन चालू आहे का ते विचारा. एकाचा जरी चालू असेल तर मोठी केबल जिवंत आहे आणि बिघाड डीपी ते तुमचं घर एवढ्यातच आहे. सगळेच बंद असतील तर तांब्याची आशा सोडा.

समजा तांबं दुरुस्त झालंच. त्यावर तुम्हाला ऑफिसपुरतं नेट मिळेल का? बहुतेक नाही. तारेवरून बोलणं जातं ते ४ किलोहर्ट्झच्या आत. ब्रॉडबँड त्याच तारेवर २५ किलोहर्ट्झच्या वरची जागा वापरतं, म्हणून फोन आणि नेट एकाच वेळी चालतं आणि दोघांना वेगळं करायला भिंतीवर तो छोटा स्प्लिटर लागतो. पण वरच्या फ्रिक्वेन्सी तांब्यात लवकर मरतात. एक्स्चेंजच्या शेजारी २० एमबीपीएसच्या आसपास मिळालं तरी चार-पाच किलोमीटरवर एक-दोनच उरतं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे आणि आम्ही ते लावताना स्वतःला मोठे इंजिनियर समजायचो. आज त्यात एक व्हिडिओ मीटिंगसुद्धा निभणार नाही.

आता त्या तिसऱ्या कामाबद्दल, कारण त्यात मी स्वतः चुकलो आहे. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची. तारेवर कायम उणे ४८ व्होल्ट डीसी असतो, आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग व जनरेटर. घंटी वाजवायला त्याच तारेवर पंचाहत्तरेक व्होल्ट एसी पाठवतात. भर पावसात खांबावर उघड्या जोडीला हात लावलेला असावा आणि नेमका त्या घरी कुणाचा फोन यावा, तेव्हा बसणारा झटका ज्याने खाल्लाय त्याला हा आकडा पाठ करावा लागत नाही. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणून घरातल्या डब्याला, ज्याला लोक मोडेम म्हणतात आणि आम्ही ओएनटी, घरातलीच वीज लागते. लाईट गेली की डबा बंद आणि डब्याला जोडलेला फोनही बंद.

हे मला माहीत होतं, तरीही मे २०२१ च्या तौक्ते वादळाआधी एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे मी फायबरवरचा फोन लावून दिला आणि बॅटरीचं 'पुढच्या फेरीला बघू' म्हणून सोडलं. वादळात चार दिवस लाईट नव्हती. फायबर शाबूत होता, आमच्या टोकाचं मशीन चालू होतं, फक्त आजींच्या डब्यात जीव नव्हता. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या पडवीतच बसलेल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, तो जुना मेला खरखरायचा, पण वादळात बोलायचा तरी." तेव्हापासून बॅटरीशिवाय मी म्हाताऱ्या माणसांकडे फोन लावत नाही. आणि हा काही गावंढळ प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये तांब्याचं जुनं फोनजाळं डिसेंबर २०२५ ला बंद व्हायचं होतं, ते जानेवारी २०२७ वर ढकललं गेलं. त्यामागे वृद्धांच्या गळ्यातली मदतीची बटणं नव्या जोडणीवर बंद पडतील ही मोठी काळजी होती.

तांब्याची फार आरतीही ओवाळायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांब आणि झाडं अशी आडवी झाली की एक्स्चेंजच्या बॅटऱ्या असून उपयोग नव्हता, तारच जमिनीवर पडली होती. तांबं विजांनाही घरात घेऊन येतं. मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी जळलेल्या मोडेमांची रांग लागायची. फायबरच्या काचेतून ती वीज येत नाही. डब्याच्या ॲडॉप्टरमधून मात्र येऊ शकते, त्यामुळे गडगडाटात पिन काढायची सवय ठेवाच.

तेव्हा माझं मत: फायबर घ्या. पण कुठल्या कंपनीचा, याआधी हे बघा की तो तुटला तर खांबावर चढणारा माणूस कुठे राहतो.

केबलवाल्याला पहिला प्रश्न असा विचारा, 'तू फायबर कुणाचा देतोस?' याचं उत्तर दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे तो एखाद्या छोट्या परवानाधारक इंटरनेट कंपनीचा फ्रँचायझी असतो. त्याच्याकडून नेट मिळेल, लँडलाईनचा नंबर बहुधा मिळणार नाही. दुसरं, तोच केबलवाला बीएसएनएलचा भागीदार म्हणून फायबर ओढत असतो: तार आणि देखभाल त्याची, सेवा आणि बिल कंपनीचं. हे दुसरं असेल तर तुमचं भाग्य, कारण तुमची लँडलाईन त्याच कंपनीची असेल तर बऱ्याच ठिकाणी जुना नंबर तसाच फायबरवर घेता येतो. तशी सोय तुमच्या एक्स्चेंजला आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारा. मात्र ०२३५८ चा नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पोर्टिंग आपल्याकडे फक्त मोबाईलला आहे. म्हणून ही चौकशी होईपर्यंत नंबर परत करू नका. एकदा परत केलात की गेला.

पुढचे प्रश्न चहा पिता पिता विचारा, चौकशी केल्यासारखे नकोत. त्याचं मुख्य मशीन, म्हणजे ओएलटी, कुठे बसवलंय आणि तिथे लाईट गेल्यावर किती तास चालतं? तुमच्या घरी कितीही बॅटरी ठेवलीत आणि त्याच्या दुकानातला इन्व्हर्टर दोन तासांत झोपला तर काय उपयोग? मुख्य गावाकडून त्याला नेट एकाच वाटेने येतं की दोन? आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्प्लायसिंग मशीन त्याचं स्वतःचं आहे, की तार तुटली की खेड किंवा चिपळूणहून माणूस बोलवावा लागतो? तुटलेली फायबर चिकटपट्टीने जोडता येत नाही, केसाएवढी काच काचेला वितळवून जोडायची असते. ते काम मशीन हातात असेल तर अर्ध्या तासाचं आहे. ज्याच्याकडे मशीन नाही त्याचा अर्धा तास चार दिवसांचा होतो. माझ्या ओळखीतल्या एका घरी आठ महिन्यांत अकरा वेळा तार तुटली, बहुतेक वेळा वानरांच्या उड्यांनी, तरी तक्रार नव्हती, कारण जोडणारा मुलगा त्याच वाडीतला होता. दुसरीकडे एकदाच तुटली आणि घरमालकाने कनेक्शन बंद केलं.

बिल मात्र परवानाधारक कंपनीच्या नावाचं, १८ टक्के जीएसटी दाखवणारं मागा. 'बिल कशाला, घरचंच आहे' म्हणणारा माणूस घरचा असेलही, पण उद्या ऑफिसने पत्ता आणि बिल मागितलं तर तुम्ही काय देणार?

लाईन घालायला येतील त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे असा. घरात शिरण्याआधी केबल खाली झोल देऊन मग वर घ्यायला सांगा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जातं, भिंतीत येत नाही. केबल खिडकीच्या फटीत दाबू देऊ नका, दाबली की उजेड गळतो. कोनात मोडूही नका. बाहेर पडवीत आठ-दहा मीटर गुंडाळी जास्तीची ठेवून घ्या, पुढे तुटली तर तेवढीच ओढून जोडता येते. शेवटी पॉवर मीटर, म्हणजे काचेतून किती उजेड पोचतोय ते मोजणारं यंत्र, लावून आकडा दाखवायला सांगा. डीबीएम हे त्या उजेडाचं माप, उणे जितकं जास्त तितका उजेड कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर छान. उणे २७ म्हणजे आज चालेल आणि पहिल्या पावसात डब्यावर लाल दिवा लागेल. आकडा कागदावर लिहून तारीख टाका. पुढे भांडायची वेळ आली तर तो कागद कामाला येतो.

एअरफायबरबद्दल. २०२३ पासून मोठ्या कंपन्या देतात ते एअरफायबर म्हणजे छपरावर ५जीचा डबा. पुण्यात मित्राच्या गच्चीवरून टॉवर दिसतो, त्याला ते छानच चालणार. तुमच्या वाडीत मोबाईलला अंगणाच्या कोपऱ्यातच रेंज आहे, तिथे हा डबा चमत्कार करणार नाही. तरीही खात्री करायची तर ५जी फोन घेऊन कौलांवर चढा आणि बघा. काही ठिकाणी डोंगरापलीकडून रेडिओने नेट आणतात, समोरासमोर दिसणारे दोन अँटेना लावून. ते स्वच्छ दिसत असेल तोवर उत्तम चालतं. आमच्याकडे एकाने लावलं आणि तीन वर्षांत मधला आंबा एवढा वाढला की पालवी फुटली की नेट जायचं. आंबा तोडायला कोणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. बाजारात मिळणारे मोबाईल सिग्नल बूस्टर मात्र लावू नका. ते परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि त्याने शेजारच्यांची रेंजही बिघडते.

तुमच्या कामाला स्पीड फार लागत नाही. ३० ते ५० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. १०० आणि २०० च्या जाहिरातीला भुलून महिन्याला जास्त देऊ नका, तेच पैसे बॅटरीत घाला. डब्यासाठीचा छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो आणि तीन-चार तास काढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर डबा त्या लाईनवर घ्या. दीडशे एएचच्या बॅटरीवर फक्त डबा आणि एखादा दिवा ठेवलात तर दीडेक दिवस निघतो. पंखे लावून ठेवले तर नाही. वादळाचा इशारा असेल तेव्हा हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा. ऑफिसच्या महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी अंगणाच्या त्या कोपऱ्यात चालणारं सिम हाताशी असू द्या.

घरात नेट आलं की मोबाईलचा प्रश्नही बराचसा सुटतो. वाय-फाय कॉलिंग असलेला फोन आणि तशी सोय देणारं सिम असेल तर रेंज नसतानाही नेहमीच्या नंबरवर कॉल येतात. पण बाबांकडे बटणांचा साधा फोन असेल तर तो यात बसत नाही. त्यांच्यासाठी ओएनटीच्या मागे फोनचं छिद्र असतं त्यात साधा तारेचा सेट लावा. कॉर्डलेस नको, त्याला वेगळी वीज लागते. गोल डायलचा जुना सेट बहुतेक डब्यांवर आलेला कॉल घेतो, पण त्यावरून नंबर लागत नाही. आणि आईला सांगा की लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य दाबायचा. जानेवारी २०२१ पासून तसं आहे, आणि 'फोन लागत नाही' अशा कितीतरी तक्रारींत बिघाड नसून तो शून्यच निघतो.

एक काम अजून, आणि ते तुम्हीच करू शकाल. या गणपतीत सगळे चाकरमानी गावी येतील तेव्हा वाडीतल्या आठ-दहा घरांना एकदम कनेक्शन घ्यायला लावा. बंद घरं असली तरी मुंबईकर सुट्टीसाठी घेतात. एका घरासाठी केबलवाला खांबावर चढेल, पण उशिरा. दहा घरं ओरडली की त्याच दिवशी येईल. तांब्याच्या वेळी हेच होतं, फायबरलाही हेच आहे.

तेव्हा आधी कार्यालयात नंबर फायबरवर घेता येतो का ते विचारा, मग केबलवाल्याकडे जा. नंबर मिळत नसेल आणि तांबं मेलेलंच असेल, तर महिनाभर फायबर नीट चालल्यावरच लँडलाईन परत करा, थकबाकी मिटवून पोच घ्या आणि डिपॉझिट मागायला विसरू नका. १९९७ चं असेल तर पावती बाबांच्या जुन्या फायलीत असेल. केबलवाल्याने मीटर लावला की आकडा इथे कळवा. उणे २५ च्या पलीकडे असेल तर पैसे देऊ नका, आधी त्याला मधला जॉइंट पुन्हा करायला लावा.